आत्याच्या चाकूचं वय

आत्याच्या शिवणाच्या डब्यात, बटणं आणि दोऱ्याच्या रिळांखाली, एक घडीचा चाकू आहे. मिटलेला असताना माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा लांब. खडबडीत तपकिरी मूठ, मुठीच्या दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या, आत दोन पाती, एक मोठं आणि एक छोटं. आत्याचा मुलगा न्यू जर्सीला असतो. गेल्या उन्हाळ्यात आला तेव्हा म्हणाला, "आजोबांची आठवण म्हणून हा मी घेऊन जातो." आत्या म्हणाली, "अरे, शंभर वर्षांचा आहे तो, अँटिक आहे, विमानतळावर धरतील तुला." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. जुने चाकू जमवायचा नाद आमच्या घरात मलाच आहे.

चाकूचं वय सांगता येतं. अगदी सालापर्यंत नाही पोचलं तरी कुठल्या दोन सालांच्या मधला, एवढं बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी तो सावकाश वाचावा लागतो. त्या दुपारी आम्ही तिघांनी तो वाचला, तो कसा ते सांगते.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनं, हा संकेत आज जगभर रुळलेला आहे आणि त्याची पाळंमुळं जकातीच्या कचेरीत आहेत. अमेरिकेच्या १९३०च्या जकात कायद्याने १८३० पूर्वीच्या वस्तू अँटिक धरून त्यांना करमाफी दिली होती. यंत्रांनी घाऊक माल काढायला सुरुवात करण्याआधीच्या, हातानं घडवलेल्या वस्तू वेगळ्या काढायला ती रेघ ओढली होती. १९६६ साली ठरावीक सालाऐवजी शंभर वर्षांची अट आली. आपल्याकडेही प्राचीन वस्तूंविषयीच्या १९७२च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांचीच अट आहे. हस्तलिखितांना मात्र ७५ वर्षं पुरतात. या कायद्याखाली येणारी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू तशी नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. आत्याची भीती अनाठायी नव्हती.

विंटेजला अशी कायद्याची रेघ नाही. विक्रेते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कशालाही विंटेज म्हणतात. पण हा शब्द मुळात द्राक्षाच्या मळ्यातला आहे. अमुक एका हंगामाची द्राक्षं आणि त्यांची वाइन, असा त्याचा अर्थ. चाकूच्या बाबतीत मी हाच अर्थ धरते. ज्याचा हंगाम सांगता येतो तो विंटेज. पाठीमागे काहीच ओळख न उरलेला, गंजून गेलेला चाकू नुसता जुना असतो. जमवण्याजोगा असणं ही आणखी तिसरी गोष्ट, तिला वयाची अटच नाही. शेफिल्डचे स्टॅन शॉ चौदाव्या वर्षी चाकू जुळवायच्या कामाला लागले आणि आयुष्यभर जुन्या पद्धतीने एकेक चाकू हातानं करत राहिले. २०२१ साली ते गेले. त्यांच्या हातचा चाकू अवघ्या पंधरा वर्षांचा असला तरी संग्राहक तो जपून ठेवतात.

आता आत्याचा चाकू. घडीचा चाकू वाचायला सुरुवात करायची ती पात्याच्या बुंध्यापासून. पातं उघडलं की धार संपून मुठीशी जिथे सपाट चौकोनी भाग येतो, तिथे कारखान्याचा ठसा असतो. मोठं पातं उघडून खिडकीशी नेलं आणि दहा पटींचं भिंग लावलं. एक तारा आणि त्याच्या शेजारी चार पाकळ्यांचा क्रूस. त्याखाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, मग शेफिल्ड, इंग्लंड. आणि ‘जी’ आणि ‘आर’ या दोन अक्षरांच्या मधोमध एक मुकुट.

तारा आणि क्रूस ही रॉजर्सची खूण. शेफिल्डमध्ये चाकू-सुऱ्या करणाऱ्यांचा संघ १६२४ सालापासून आहे. कुणाची खूण कोणती हे तो नोंदवून ठेवायचा आणि दुसऱ्याने ती मारली तर तंटा व्हायचा. रॉजर्सना १८२२ साली चौथ्या जॉर्ज राजाकडून राजघराण्याला चाकू पुरवण्याचा मान मिळाला. त्या वेळेपासून राजाच्या नावाचं आद्याक्षर पात्यावर आलं. पुढचा ‘आर’ रेक्स किंवा रेजिना, म्हणजे लॅटिनमध्ये राजा किंवा राणी. व्हिक्टोरियाच्या काळात ‘व्ही आर’, १८३७ ते १९०१. सातव्या एडवर्डच्या वेळी ‘ई आर’, १९१० पर्यंत. मग पाचवा जॉर्ज, आणि १९३६च्या शेवटी सहावा जॉर्ज, तो १९५२ पर्यंत.

म्हणजे ‘जी आर’ हा चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जचा. आत्याच्या मुलाचे डोळे चमकले, कारण चौथ्या जॉर्जचा असेल तर चाकू दोनशे वर्षांचा ठरत होता. तिथे ‘इंग्लंड’ हा एक शब्द आडवा आला. १८९० साली अमेरिकेने मॅकिन्ली जकात कायदा केला. मार्च १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशाचा हे लिहिणं सक्तीचं झालं. त्याआधी शेफिल्डचे कारखानदार नुसतं गावाचं नाव मारत, त्यांना देशाचं नाव घालायची गरजच वाटत नसे. गावाच्या नावालाच एवढी पत होती की जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये तयार झालेल्या पात्यांवरही शेफिल्डचं नाव ठोकलं जाई. त्याला आळा घालायला ब्रिटनने १८८७ साली कायदा केला आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द मालावर आले. तेव्हा नुसतं गाव दिसलं तर चाकू जुना असण्याची शक्यता वाढते आणि देशही दिसला तर तो बहुतेक १८९१ नंतरचा असतो. आत्याच्या चाकूचा जॉर्ज पाचवा किंवा सहावा. खालची हद्द १९१०.

इथे एक खबरदारी घ्यायची असते. ठसा चाकूच्या जन्माची सर्वांत आधीची तारीख सांगतो, शेवटची नाही. ठोकून ठेवलेली पाती शिल्लक राहत आणि पुढे केव्हातरी मुठीत बसत. शिवाय नावं विकली जातात. रॉजर्सचं नाव आज दुसऱ्यांच्या हातात आहे आणि नव्या चाकूंवरही ते उमटतं. त्यामुळे नाव वाचून थांबायचं नाही.

काही कारखान्यांचे ठसे मात्र इतके बोलके आहेत की हेवा वाटावा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावी केस नावाचा कारखाना आहे. १९४० ते १९६४ या काळात त्यांच्या पात्यांवर नाव आणि दोन फुल्या असत, १९६५ पासून खाली ‘यू.एस.ए.’ आलं. १९७० साली त्यांनी ठशाखाली दहा ठिपके मारले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी करत गेले. सात ठिपके दिसले की १९७३, एकच उरला असेल तर १९७९. भिंग लावायचं, ठिपके मोजायचे आणि हंगाम हातात. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचं नावच तारीख सांगतं. कार्ल एल्सनरने १९०९ साली, आई वारल्यावर, तिचं व्हिक्टोरिया हे नाव कारखान्याला दिलं. १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादासाठीचा ‘इनॉक्स’ हा शब्द त्याला जोडला गेला. पात्यावर नुसतं व्हिक्टोरिया असेल तर चाकू जोडनावाच्या आधीचा. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी आहे ना, ती १९५५ साली आली. कडी असेल तर चाकू त्याच्या नंतरचा, मग विकणारा काहीही सांगो.

ठशानंतर पोलाद. आत्याच्या चाकूचं पातं करडं आहे, कुठे निळसर, धारेकडे जवळजवळ काळं. हा कळकटपणा नाही. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं आणि फोड दोन्ही काळी पडतात हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. साध्या कार्बन पोलादाचंही तसंच होतं. आंबट-तुरट रस लागतात, पुसले जातात, पुन्हा लागतात, आणि वर्षानुवर्षांनी पात्यावर एक पातळ गडद थर धरतो. हा थर घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या पोलादाला थोडंफार सांभाळतोही. तांबडा गंज वेगळा. तो फुगतो, सुटतो आणि धातू खात आत जातो.

न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्येच १९१३ साली ओतलं. तो शोधत होता बंदुकीच्या नळ्या लवकर झिजणार नाहीत असा धातू. त्यामुळे पात्यावर स्टेनलेस लिहिलेलं असेल किंवा जुना म्हणून दाखवलेला चाकू आरशासारखा पांढरा असेल आणि त्यावर डागांचा मागमूस नसेल, तर १९१३ च्या अलीकडे या. आत्याच्या चाकूत या कसोटीने नवीन काही कळलं नाही, कारण स्टेनलेस आल्यावरही साधं पोलाद अनेक वर्षं चालू होतं.

मुठीपाशी मात्र मी बराच वेळ घालवला, कारण ती मूठ आपल्याच जंगलातून गेली असणार. सांबर दर वर्षी शिंगं टाकतं. ही शिंगं हिंदुस्थानातून शेफिल्डला जात. तिथे त्यांच्या पट्ट्या कापून चाकूला बसवत, आणि त्यातले काही चाकू परत आपल्याच बाजारात विकायला येत. खऱ्या शिंगाच्या पृष्ठावर उंच-सखल धावत्या रेघा असतात आणि एका चाकूच्या दोन बाजूंनाही त्या सारख्या नसतात. आत्याच्या चाकूवर एका बाजूला एक खोल घळ आहे, दुसऱ्या बाजूला बारीक सुरकुत्या. अंगठा टेकतो तिथे रेघा झिजून फिकट, गुळगुळीत झाल्या आहेत. ती जागा बघून आत्या म्हणाली, "दादांचा अंगठा इथेच असायचा." आपल्या वडिलांना ती दादा म्हणते.

शिंग महाग, म्हणून कारखान्यांनी गुरांच्या हाडांवर खाचा पाडून, रंग देऊन शिंगाचा भास आणला. हाड ओळखायला सोपं आहे. भिंगाखाली त्यात बारीक काळसर ठिपके आणि रेषा दिसतात, त्या हाडात रक्तवाहिन्या जायच्या त्या वाटा. पुढे, १९६०च्या सुमारास, डेलरिनसारखी प्लास्टिकं आली आणि त्यांनी खाचा पाडलेल्या हाडाची नक्कल केली, म्हणजे नकलेचीच नक्कल. त्यात ठिपके नसतात, आणि एकाच साच्यातून निघालेल्या दोन चाकूंच्या खाचा तंतोतंत जुळतात. हस्तिदंतात हाडासारखे ठिपके नसतात; आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक कमानदार रेषांची जाळी दिसते. पण हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असो. वाटेवर तो भेटला तर बघावा आणि पुढे जावं.

सेल्युलॉइडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याने चांगले चाकू मरतात. १८७० साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि पुढे कित्येक दशकं चाकूच्या रंगीत, शिंपल्यासारख्या किंवा कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या मुठी त्याच्या असत. मूकपटांच्या रिळांचा कच्चा माल याच घराण्यातला. ती रिळं जशी आपोआप कुजत आणि भडकत, तशा या मुठीही जुन्या झाल्या की आतून विरघळू लागतात आणि आम्लाची वाफ सोडतात. ती वाफ पात्यावर बसते. मिटलेल्या अवस्थेत मुठीच्या आत राहणारा पात्याचा भागच नेमका गंजलेला दिसला, बाहेरची पाठ बरी असली, की समजावं हा मुठीचा आजार आहे. असा चाकू दुसऱ्यांपासून लांब ठेवायचा, नाही तर डब्यातले सगळे खराब होतात. ओळखायचा तर अंगठ्याने जोरात घासून वास घ्यावा, कापराचा वास येतो, कारण ते करतानाच त्यात कापूर असतो. तापलेली सुई टोचून बघायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड पेट घेतं.

मग खिळे. चाकूचा कणा म्हणजे पाठीमागची पोलादी कमान. तिच्या जोरावर पातं उघडं राहतं आणि मिटतं. हे सगळं दोन पितळी पत्र्यांच्या मध्ये बसवून आरपार खिळे ठोकतात आणि खिळ्यांची डोकी टोपीबरोबर घासून इतकी एकजीव करतात की सांधा दिसू नये. एखाद्या खिळ्याभोवती गोल रेघ दिसली, डोकं जास्त चमकलं किंवा आजूबाजूला ठोक्याचे वण असले, तर चाकू उघडलेला आहे. कदाचित दुसऱ्या चाकूचं पातं यात घातलेलं असेल. म्हणून दोन्ही पात्यांचे ठसे ताडून पाहायचे. चाकू उघड-मीट करताना कान द्यायचा. चांगल्या कमानीचा चाकू वाटेत सैल पडत नाही आणि शेवटी खट् असा स्वच्छ आवाज करतो. अमेरिकेतले संग्राहक याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. आत्याच्या चाकूचं मोठं पातं अजून खट् करतं. लहान पातं मात्र सुस्तावलं आहे, त्याच्या कमानीत काळ्या तेलाचं कीट साचलंय.

पातं किती उरलंय हेही पाहायचं असतं. धार लावून लावून पातं अरुंद होतं, आणि ते सारखं झिजत नाही. जिथे दगड जास्त लागतो, बुंध्यापासून थोडं पुढे, तिथे धार आत वळते. आत्याच्या चाकूचं मोठं पातं तसं आत वळलेलं आहे. छोटं पातं जवळजवळ पुरतं शाबूत आहे. इंग्रजीत छोट्या चाकूला पेननाइफ म्हणतात ते पिसाची लेखणी तासायचा चाकू म्हणून. आपल्याकडे तेच काम बोरूला. छोट्या पात्याचं फक्त टोक बोथट झालेलं आहे.

खोटं वय कसं चढवतात, तेही सांगते. नवं पातं व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून काळं करता येतं. पण तो काळेपणा सगळीकडे एकसारखा असतो, अगदी बुंध्याच्या सांध्यातही, जिथे कांदा-कैरी कधी पोचलीच नसती. खरा थर धारेकडे दाट, पाठीकडे विरळ, आणि बोट लागतं तिथे पुसट. खोटा ठसा ओळखायला अक्षराची कड पाहावी. ठोकलेल्या अक्षरात धातू दबलेला असतो, तळ साफ असतो. आम्लाने खाल्लेल्या अक्षराचा तळ खरबरीत आणि कड ढिली.

याहून वाईट होतं ते प्रेमापोटी. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक चाकू आणला होता. वर काळा, आत राणीच्या काळाचा मुकुट अर्धवट दिसत होता. एका धारवाल्याकडे तो ‘चांगला करून द्या’ म्हणून दिला. त्याने कापडी चाकावर धरून लख्ख केला, मनापासून केला. घरी येऊन पातं उघडलं तर मुकुटाची जागा गुळगुळीत. त्या चाकूला आता साल नाही आणि गाव नाही. मला तो अजून बघवत नाही. तेव्हापासून मी फक्त शिवणयंत्राचं पातळ तेल आणि मऊ सुती फडकं वापरते. तांबडा गंज असेल तर तेल लावून दोन दिवस ठेवायचं, मग बांबूच्या काडीने खरवडायचं, पॉलिश पेपर नाही. स्वयंपाकाचं तेल घालायचं नाही, ते चिकट होतं. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवायचं नाही, कमावलेल्या कातड्यातली द्रव्यं पितळाला हिरवं करतात.

एवढं करून आत्याचा चाकू १९१० ते १९५२ च्या दरम्यान आला. त्यापुढे चाकू बोलेना. तिथून पुढे घर बोलतं. आत्याने कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात आजोबांचं व्हर्नाक्युलर फायनलचं प्रमाणपत्र होतं, १९३४चं. आत्या म्हणाली, "दादा पास झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणून दिला होता. शाळेत मुलांचे बोरू याच्यानेच करून द्यायचे." छोट्या पात्याच्या बोथट टोकाशी हे जुळतं. अंगठ्याच्या जागेशीही जुळतं. चाकू १९३४ च्या आधी कितीही काळ दुकानात पडून असू शकतो, पण हातात धरता येईल असा पुरावा १९३४चा.

ऐकलेल्या गोष्टीला किती वजन द्यायचं, हा प्रश्न मोठ्या वस्तूंनाही सुटत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा हेच पुन्हा चर्चेत आलं. त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे की ही शिवाजी महाराजांची, आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून मिळाली. पण म्युझियमचं स्वतःचं म्हणणं असं की हीच ती वाघनखं असल्याची खातरजमा करता येत नाही. वस्तू आहे, लेख आहे, आणि दोघांच्या मधली कडी कागदावर नाही. ती कडी त्या त्या वेळी कुणी लिहून ठेवायची असते.

म्हणून त्याच दुपारी मी वहीचं एक पान फाडलं. चाकूचं वर्णन लिहिलं, ठसा जसाच्या तसा उतरवला, आत्याचे शब्द तिच्याच बोलीत लिहिले, प्रमाणपत्राचं साल घातलं, खाली तारीख आणि आत्याची सही घेतली. आत्याच्या मुलाला सांगितलं की पुराव्यानिशी हा चाकू विंटेज आहे. अँटिक व्हायला त्याला २०३४ साल उजाडावं लागेल, आणि तो खरंच १९१०-१५चा असला तर आजच झालेला असेल. तेव्हा न्यायचाच असेल तर आधी पुरातत्त्व विभागाकडे विचारूया. शिवाय मूठ सांबराच्या शिंगाची, म्हणजे वन्यजीव कायद्याचंही पाहावं लागेल. तो चाकू हातात घेऊन थोडा वेळ बसला. मग म्हणाला, "राहू दे इथेच. पान मात्र मला फोटो काढून दे."

आत्याने चाकू परत डब्यात ठेवायला घेतला आणि थांबली. "याने मी उन्हाळ्यात कैरी कापते. आता कापायची नाही का?"

काप, म्हटलं. पण लगेच पुसून ठेव, आणि घासणीने घासू नकोस.